नवी .२२ सेमी-ऑटो रायफल: पहिली २०० काडतुसं आणि माझी भलीमोठी यादी

शंभरातला_एक (धागाकर्ता)

मंडळी, तीन वर्षं क्लबची बोल्ट-ॲक्शन रायफल (दर गोळीनंतर मागचा बोल्ट हातानं ओढायचा ती) हाताळून झाल्यावर अखेर स्वतःची घेतली. .२२ लाँग रायफल काडतुसाची सेमी-ऑटो (एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं), १० काडतुसांचं सुटं मॅगझिन, लाकडी दस्ता. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर सगळा धागा त्यावरच वाहून जाईल.

आधी आवडलेलं सांगतो. हलकी आहे, खांद्याला लावली की जागच्या जागी बसते. धक्का जवळपास नाहीच, त्यामुळे गोळी सुटल्यावरही डोळा निशाण्यावरून हलत नाही. दर गोळीनंतर बोल्ट ओढण्यासाठी गाल उचलावा लागत नाही, हे सुख काही औरच.

आता खटकलेलं. चाप जड आहे. नुसता जड असता तर चाललं असतं, पण ओढताना मध्ये दोन ठिकाणी अडखळतो, वाळू अडकलेल्या ड्रॉवरसारखा. ताणकाट्यावर मोजला तर पावणेतीन किलो भरला. २०० काडतुसांत ७ वेळा अडकली: पाचदा काडतुसाची रिकामी पुंगळी ती बाहेर पडायच्या खिडकीत उभी राहिली, दोनदा पुढचं काडतूस नळीत चढलंच नाही. एकदा नुसतंच ‘टक्’ झालं, बार उडाला नाही. आणि वाळूच्या पिशवीवर टेकवून ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर) सरासरी ४५ मिलिमीटर. क्लबच्या म्हाताऱ्या रायफलवर मी याच्या निम्म्यात मारतो हो!

घरात पडून असलेली ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण सध्या वर चढवली आहे. पुढचा बेत असा: नवा ट्रिगर संच, जाड नळी, चांगली दुर्बीण, नवा दस्ता, बोल्टमागचा मऊ बफर, मॅगझिन सोडायची लांब कळ. सगळं एकदम घ्यायची ऐपत नाही. तर प्रश्न एवढाच, आधी काय घेऊ?

खट्याळ_खारूताई

आधी कात्री घ्या आणि यादी कापा. बाकी अभिनंदन!

तेलाचा_बुधला

अभिनंदन. एक विचारतो, रागावू नका. डब्यातून काढल्यावर उघडून पुसली होतीत का?

शंभरातला_एक

उघडायची असते? 🙈

तेलाचा_बुधला

वाटलंच मला. कारखान्यातून निघताना गंज धरू नये म्हणून आत जाड वंगण फासलेलं असतं. ते चालवण्यासाठी नसतं, साठवण्यासाठी असतं.

आत काय चालतं ते समजलं की दुखणं आपोआप कळेल. .२२ सेमी-ऑटोत बोल्ट नळीला कुलूपबंद होत नाही. त्याला मागून धरून ठेवतं फक्त त्याचं स्वतःचं वजन आणि एक स्प्रिंग. बार उडाला की वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला. तेवढ्याशा ढकलण्यावर पुंगळी बाहेर फेकायची, आतला घोडा पुन्हा उभा करायचा आणि परत येताना नवं काडतूस उचलायचं, एवढी कामं उरकायची असतात. गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. त्यात वंगणाचा चिखल आणि नवी करकरीत स्प्रिंग. बोल्ट पुरता मागे जाण्याआधीच परत फिरतो आणि बाहेर निघू पाहणारी पुंगळी खिडकीत चिमटीत पकडतो.

सगळं सॉल्व्हंटनं धुवा, कोरडं पुसा आणि बोल्ट घासतो त्या दोन कडांना पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. थेंब म्हटलंय, धार नाही. मॅगझिनच्या आत तेल अजिबात नको. .२२ च्या गोळीवर मेणाचा थर असतो, त्यात तेल आणि काजळी मिसळली की जो काला होतो तो काढायला टूथब्रश पुरत नाही.

आणि काडतुसं कुठली वापरलीत? साधी की जलद?

शंभरातला_एक

साधी, स्टँडर्ड व्हेलॉसिटी. क्लबात तीच वापरतो.

तेलाचा_बुधला

मग निम्मं उत्तर मिळालं. साधं काडतूस सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, जलद ३८० च्या आसपास. पहिली चारशे-पाचशे जलदच वापरा. स्प्रिंगा जरा बसू द्या.

रोहिणी_प

बुधलेदादांशी अर्धी सहमत. रायफल मोकळी व्हायला जलद ठीक, पण त्यावर ग्रुप मोजत बसू नका.

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ३८० नं निघालेली गोळी हवेच्या विरोधानं मंदावत ५० मीटरच्या आगेमागेच आवाजाच्या वेगाखाली येते आणि ते ओलांडताना थोडी डगमगते. ३२५ नं निघालेली गोळी मुळातच खाली असते, तिला ओलांडायला काही नसतं. म्हणून ५० मीटरवर स्पर्धा खेळणारे आम्ही सगळे हळू गोळीच्या मागे. धागाकर्त्यांची गोची अशी आहे की त्यांच्या रायफलला पोटभर लागतं जलद काडतूस आणि कागदाला हवं हळू. दोघांचं पटवणारं काडतूस शोधणं ही तुमची पहिली खरेदी. पाच-सहा जातींचा एकेक डबा आणा. जात बदलली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका, नळीत आधीच्या जातीचं मेण असतं.

हो, आणि ते ‘टक्’. तेव्हा काय केलंत?

शंभरातला_एक

बोल्ट ओढून काडतूस काढलं. लगेच.

रोहिणी_प

पुन्हा लगेच काढू नका. नळी निशाण्याच्या दिशेलाच ठेवून ३० सेकंद थांबायचं. क्वचित बार उशिरा उडतो आणि तेव्हा बोल्ट उघडा असला तर पुंगळी तुमच्या चेहऱ्याशेजारी फुटते. .२२ मध्ये पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं. घडीत एखाद्या जागी ते कमी पडलं आणि नेमकं तिथेच ठोकलं की ‘टक्’. रायफलचाच दोष असेल असं नाही.

याहून वाईट म्हणजे ‘ठो’ ऐवजी ‘फुस्स’ ऐकू आलं तर. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्या वेळी थांबायचंच. रायफल रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय ना ते बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही.

कट्टर_चाप

सगळे तेलपाण्यात अडकलेत, मुद्द्याचं कुणी बोलत नाही. रायफलीचं वजन किती? सव्वादोन-अडीच किलो. चाप किती? पावणेतीन. म्हणजे रायफलीपेक्षा तिचा चाप जड! तो ओढताना हात हलणार नाही तर काय होणार? सव्वा-दीड किलोचा स्वच्छ तुटणारा चाप बसवा, फरक त्याच दिवशी दिसेल. बाकी सगळी यादी नंतर.

मापात_पाप

ज्या ग्रुपला ४५ म्हणताय ते किती होते?

शंभरातला_एक

चार ग्रुप, पाच-पाच गोळ्यांचे.

मापात_पाप

म्हणजे वीस गोळ्या. एवढ्यावरून नळी बदलायला निघालात! पाच गोळ्यांचा ग्रुप फार लहरी असतो. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच माणूस, एकदा २० येईल, एकदा ४५. चांगला आला की लोक फोटो काढून पाकिटात ठेवतात, वाईट आला की ‘वारा होता’. दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप मारा, सगळे मोजा, एकही टाकू नका. मग बोलू.

आणि एक. त्या पाचांत चार जवळ आणि एक लांब असं होतं का?

शंभरातला_एक

तुम्हाला कसं कळलं? दर वेळी तसंच. चार गोळ्या २०-२५ मिलिमीटरमध्ये आणि एक भरकटलेली. कधी डावीकडे, कधी खाली.

मापात_पाप

नळी वाईट असती तर पाचही विखुरल्या असत्या. चार जवळ येतात म्हणजे नळीला जमतंय. काहीतरी मधूनच हलतंय. स्क्रू, दुर्बीण, चाप किंवा तुम्ही.

जुनापुराणा

वाचतोय. मजा येते आहे. जरा अवांतर करतो, म्हाताऱ्याला क्षमा असावी.

बाजारात टिकलेली पहिली .२२ सेमी-ऑटो म्हणजे विंचेस्टरची १९०३ ची. तिच्यासाठी कंपनीनं वेगळं काडतूस काढलं होतं, साधं .२२ तिच्यात बसायचंच नाही. का? कारण तेव्हा साध्या .२२ काडतुसांत काळी दारूही भरलेली मिळे आणि तिच्या राखेनं यंत्रणा पार गुदमरून गेली असती. तेव्हा शंभरातल्या_एका, ‘सेमी-ऑटो काय खाते’ हा तुमचा प्रश्न १२० वर्षं जुना आहे.

याच रायफली घेऊन १९०७ साली अ‍ॅड टॉपरवाइन या विंचेस्टरच्या नेमबाजानं हवेत फेकलेले ७२,५०० लाकडी ठोकळे टिपायला घेतले. चुकले फक्त ९. पुढे १९५९ मध्ये रेमिंग्टनच्या टॉम फ्रायनं नायलॉनच्या दस्त्याची मॉडेल ६६ घेऊन १,००,०१० ठोकळ्यांवर बार काढले आणि ६ चुकवले.

अपग्रेडचं वेड मात्र रूगरच्या १०/२२ नं वाढवलं, १९६४ पासून. गोल फिरणारं १० काडतुसांचं मॅगझिन दस्त्यात पूर्ण दडलेलं आणि नळी धरून ठेवायला एक ठोकळा नि दोन स्क्रू. दोन स्क्रू काढले की नळी हातात! चापाचा संचही दोन पिना काढल्या की अखंड खाली येतो. एवढं सोपं केल्यावर लोक गप्प बसतील होय? सुटे भाग बनवणाऱ्यांचा अख्खा धंदा या एका रायफलीवर उभा राहिला. माझ्याकडची १०/२२ आज बघाल तर मूळ भाग म्हणून फक्त रिसीव्हर (बोल्ट आणि यंत्रणा बसते तो मधला सांगाडा) उरलाय. आणि खरं सांगू? त्यातले निम्मे बदल मी ग्रुप लहान करायला नाही, शनिवार-रविवार घालवायला केले.

खट्याळ_खारूताई

७२,५०० ठोकळे! नेमबाजाचं नाव राहिलं, पण फेकणाऱ्याच्या खांद्याचं काय झालं?

जुनापुराणा

🙂 त्याचा विचार मी चाळीस वर्षांत केला नव्हता.

नुसताच_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. ‘चाप’ आणि ‘घोडा’ एकच ना? बातम्यांत ‘घोडा दाबला’ लिहितात.

जुनापुराणा

बोटानं ओढतो तो चाप, ठोकायला पडतो तो घोडा. चाप ओढला की घोडा पडतो. बोलताना लोक सरमिसळ करतात, इथे करू नये, नाहीतर ‘घोडा जड आहे’ म्हणाल आणि कुणी भलताच भाग बदलायला सांगेल. नळीच्या पुढच्या टोकावरचं, नेम धरायचं टोक म्हणजे माशी. आणि या सगळ्या सरावाला आपल्याकडे किती सुंदर शब्द आहे: चांदमारी.

कट्टर_चाप

एक कबुली देतो, कारण वर मीच चाप-चाप करत होतो आणि कुणीतरी कानस घेऊन बसेल.

पहिल्या रायफलीचा चाप मी स्वतः ‘सुधारला’ होता. घोडा अडवून धरणारी कड घासून गुळगुळीत केली. घरी रिकामी चालवून बघितली तेव्हा चाप लोण्यासारखा. रेंजवर मॅगझिन लावलं, बोल्ट सोडला आणि बोट बाहेर असताना गोळी सुटली. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे होती म्हणून आज इथे विनोद करतोय. रेंजच्या अधिकाऱ्यानं एक शब्द न बोलता माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. मी सामान आवरलं. कान अजून गरम होतात आठवलं की.

तेव्हा घासाघीस नाही. पूर्ण संच मिळतो, तो घ्या. आणि आपापल्या देशात कुठला भाग बदलायला परवानगी आहे ते आधी विचारा.

अर्धा_मिलिमीटर

सगळ्यांनी दुर्बिणीला सोडून दिलं. ३-९x४० ‘पडून होती’ म्हणजे कुठल्या तरी मोठ्या रायफलीची असणार. बरोबर?

शंभरातला_एक

बरोबर. भावाकडून आलेली.

अर्धा_मिलिमीटर

तर एक प्रयोग करा. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, मॅगझिन बाहेर. वाळूच्या पिशव्यांवर इतकी घट्ट बसवा की हात लावायला नको. ५० मीटरवरच्या काळ्या ठिपक्यावर दुर्बिणीतली फुली आणा. आता रायफलीला स्पर्श न करता डोकं किंचित डावीकडे न्या, उजवीकडे न्या, वर, खाली. फुली ठिपक्यावरून सरकते का बघा.

सरकणार. हे पॅरालॅक्स. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्ड किंवा मीटरवर जुळवलेल्या असतात, .२२ साठीच्या ५०-६० वर. हिशेब सोपा आहे. भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर, त्याचा अर्धा २०. दुर्बीण १०० वर जुळवलेली आणि तुम्ही ५० वर मारताय, म्हणजे फरक निम्मा. २० चा निम्मा १०. डोळा अगदी कडेला गेला तर गोळी मध्यापासून १० मिलिमीटर सरकेल, कुठल्याही दिशेला. फुली मात्र तुम्हाला बरोब्बर मध्यावर दिसत राहील!

आता दुसरा प्रश्न. दुर्बिणीतून बघताना गाल दस्त्यावर टेकतो की हनुवटी?

शंभरातला_एक

आत्ता रिकामी घेऊन बसलो. हनुवटी. गाल हवेत आहे. दस्ता बहुतेक माशीवरून नेम धरण्यासाठी केलाय, दुर्बीण त्याच्यावर बरीच उंच बसते.

अर्धा_मिलिमीटर

मग दर गोळीला डोळा नव्या जागी. चौथी-पाचवी गोळी भरकटण्याचं एक तरी कारण मिळालं. नवा दस्ता घेऊ नका अजून. फोमचा तुकडा दस्त्यावर बांधा, डोळे मिटून गाल टेकवा, उघडा. अख्खं वर्तुळ काळ्या कडांशिवाय दिसेपर्यंत थर वाढवत जा.

तेलाचा_बुधला

फोम बांधण्याआधी दुर्बिणीखालच्या पट्टीचे स्क्रू तपासा. दुर्बीण काढल्याशिवाय ते दिसत नाहीत, म्हणून कुणी बघत नाही. दस्त्याला रिसीव्हर धरणारा स्क्रूही. फार आवळू नका, लाकूड चेपतं.

आणि नळी पुढच्या तोंडानं साफ करत असाल तर सळई तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. गोळी शेवटचा निरोप त्या कडेचा घेते. अशा बऱ्याच रायफलींचा रिसीव्हर मागून बंद असतो, मागून सळई जात नाही. दोरीचा ओढब्रश बरा.

नुसताच_वाचक

मग ऑलिंपिकमध्ये सेमी-ऑटो रायफल का दिसत नाही?

रोहिणी_प

५० मीटर रायफलला नियमानं एकेक काडतूस हातानं भरायचं असतं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं कांस्य घेतलं ते याच प्रकारात, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. बायथलॉनमध्ये (बर्फावर स्कीइंग आणि मध्ये नेमबाजी) .२२ च असते, पाचांचं मॅगझिनही असतं, पण सेमी-ऑटोला मनाई. खेळाडू एका झटक्यात बोल्ट मागेपुढे करतात. पिस्तुलांत मात्र २५ मीटर रॅपिड फायर सेमी-ऑटोवरच चालतं.

अर्धा_मिलिमीटर यांचं वरचं गणित त्या १०.४ शेजारी ठेवून बघा म्हणजे त्यांनी हे नाव का घेतलंय कळेल.

खट्याळ_खारूताई

धागाकर्ते गायब. फोम शोधायला गेले की नळी विकत घ्यायला?

शंभरातला_एक

आलो, तीन आठवड्यांनी. वेळ लागला कारण मापात_पाप यांनी पन्नास-पन्नास गोळ्या मोजायला लावल्या.

साफसफाई: आतून तपकिरी रंगाचं, गोठलेल्या मधासारखं काहीतरी निघालं. जुना बनियन संपला. स्क्रू: पट्टीच्या चारपैकी सगळ्यात पुढचा जवळपास पाऊण फेरा फिरला. घट्ट होता असं मी शपथेवर सांगितलं असतं. गाल: फोमचे तीन थर. पहिल्यांदा डोळा उघडला आणि वर्तुळ आपसूक समोर होतं, शोधावं लागलं नाही.

मग आधी ३०० जलद काडतुसं, एकदा अडकली. त्यानंतर साधी, पाच जातींची, प्रत्येकी ५० मोजून. मिळून २५० त दोनदा अडकली, दोन्ही वेळा एकाच जातीवर. दहा गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी सगळ्यात चांगल्या जातीवर २६ मिलिमीटर, सगळ्यात वाईटवर ३९. आणि गंमत अशी की सगळ्यात महाग डबा तिसरा आला.

म्हणजे ४५ वरून २६, तेही पाचांऐवजी दहा गोळ्यांत. अजून एकही भाग विकत घेतलेला नाही.

भरकटणारी गोळी पूर्ण गेलेली नाही. पण आता सुटतानाच कळतं, कारण चाप दुसऱ्या अडखळीवर असतो तेव्हा फुली उजवीकडे सरकते. आधी एवढा गोंधळ होता की हे दिसतच नव्हतं. तर पुन्हा तोच प्रश्न: आधी काय?

कट्टर_चाप

हे मी तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं.

मापात_पाप

तेव्हा तो अंदाज होता. आता दिसलंय.

अर्धा_मिलिमीटर

चाप घ्या, हरकत नाही. पण दुर्बीण भावाला परत करायची तयारी ठेवा. फोमनं डोळा जागेवर आला, पॅरालॅक्स तिथेच आहे.

रोहिणी_प

चाप. आणि त्याच पैशात बसलं तर त्या चांगल्या जातीची पेटी, एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली). लॉट बदलला की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

जुनापुराणा

नळी कुणीच म्हणत नाही? माझ्या तरुणपणी सगळे आधी नळीच बदलायचे.

खट्याळ_खारूताई

आणि ती यादी?

शंभरातला_एक

फोमच्या पहिल्या थराखाली घडी घालून कोंबली आहे. खोटं नाही. अर्धा मिलिमीटर कमी पडत होता.

नुसताच_वाचक

फोम कशानं बांधलात? मी साध्या चिकटपट्टीनं बांधला होता, काढताना दस्त्याचं पॉलिश निघून आलं.

शंभरातला_एक

आधी दुखापतीला बांधायचं ताणपट्टीचं बँडेज लाकडावर गुंडाळलं, त्यावर फोम, त्यावर पुन्हा बँडेज. चिकटपट्टी फक्त शेवटच्या टोकाला. दिसायला रायफलीचा हात मोडल्यासारखा दिसतो.